आजोबांच्या शेजारी बसून : पंचवटीतील एक वाचनफेरी

वाचकहो, पंचवटी पाहायची तर ती सकाळी लवकर पाहावी. होळकर पुलाच्या कठड्याशी उभे राहिले की खाली गोदावरीचे पात्र आणि घाटाच्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांवर कोणी स्नानासाठी, कोणी पिंडदानासाठी, तर कोणी नुसतेच बसण्यासाठी आलेले असते. दुकाने अजून उघडायची असतात; फुलवाल्या मात्र टोपल्या मांडून बसलेल्या असतात. माझा दवाखाना याच परिसरात असल्याने गेली पंचवीसहून अधिक वर्षे माझा दिवस या दृश्याने सुरू होतो.

दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. गुडघे, रक्तदाब, साखर, झोप. अलीकडे त्यांत आणखी एका तक्रारीची भर पडली आहे. औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवता ठेवता आजोबा हळूच म्हणतात, "डॉक्टर, नातू पुस्तकाला हात लावत नाही हो. सारखा मोबाईल." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी असतेच, शिवाय थोडे एकटेपणही असते. मूल मोबाईलमध्ये गेले की ते आजोबांपासूनही दूर गेलेले असते.

या तक्रारीवर मला जो उपाय सापडला, तो पंचवटीच्या गल्ल्यांत सापडला. आज आपणांस त्याच वाटेने एक फेरी मारायला नेणार आहे. आपण नाशिकचे असाल तर उद्याच निघता येईल. नसाल, तर आपल्या गावातही एखादा घाट, एखादे जुने देऊळ, एखादा पार असेलच.

आधी माझी चूक

निघण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. मी स्वतः या बाबतीत चुकलेला बाप आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला रोज दहा पाने वाचण्याचा नेम घालून दिला होता. रात्री दवाखान्यातून आलो की विचारायचो, "काय वाचलेस? त्यातून काय बोध घेतलास?" दोन महिने तिने निमूटपणे उत्तरे दिली आणि पुढे वाचनच सोडले. जे औषध जेवणापूर्वी दोन चमचे घ्यायचे असते, त्याची गोडी कोणाला लागणार?

माझ्या वडिलांनी मला "वाच" असे कधी म्हटल्याचे आठवत नाही. ते संध्याकाळी ओसरीवर पुस्तक घेऊन बसत आणि मधेच एकटेच मोठ्याने हसत. ते का हसले हे कळावे म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. ते तेवढाच उतारा वाचून दाखवीत आणि पुन्हा आपल्या वाचनात बुडून जात. पुढे काय झाले हे कळण्यासाठी मग मला ते पुस्तक स्वतःच उघडावे लागे. माझ्या वाचनाचा आरंभ त्या हसण्यात आहे, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ नातवाची हीच तक्रार घेऊन आले, तेव्हा मी त्यांना सांगितले, "अण्णा, त्याला वाच म्हणू नका. त्याला घेऊन घाटावर फिरायला जा." अण्णा एस. टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या आसपास, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही जुने. नातू आठ वर्षांचा. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घडले ते मात्र असेच.

फेरी

पुलाकडून घाटावर उतरले की पहिला थांबा दुतोंड्या मारुतीचा. पावसाळ्यात गोदेला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची या मारुतीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्यापर्यंत चढले, अशी वार्ता घरोघर पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतही येते. ज्या मुलाने तो मारुती सकाळी फिरताना पाहिला आहे, त्याच्या हाती पुराच्या दिवशी वर्तमानपत्र द्यावे आणि म्हणावे, "बघ रे, आज कुठवर आले पाणी?" ती बातमी ते मूल शोधून वाचते. आपण पाहिलेली गोष्ट छापून आलेली दिसण्यात एक वेगळाच आनंद असतो.

जवळच नारोशंकराचे देऊळ आहे. १७४७ साली बांधलेल्या या देवळाची मोठी घंटा 'नारोशंकराची घंटा' म्हणून प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांवरील विजयानंतर ती वसईहून आणली, असे सांगतात. समुद्रकाठची घंटा गोदाकाठी कशी आली असेल? एवढा प्रश्न मुलासमोर ठेवून पुढे चालू लागावे.

रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढून गेले की कपालेश्वर लागतो. या शिवमंदिरात नंदी नाही. ते आपण सांगू नये. मुलालाच शोधू द्यावे की इथे काय कमी आहे. (ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी या पायऱ्या कठड्याचा आधार घेत, मधे थांबत चढाव्यात. छातीत दडपण किंवा धाप जाणवली तर खालीच बसावे. नातू वर जाऊन पाहून येईल आणि आपल्याला सांगेल. तेही एक प्रकारचे वाचनच.)

तेथून गल्ल्यांतून काळारामाकडे जाता येते. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पाषाणात बांधविलेले हे मंदिर. मुलाला त्याचे शिल्प दाखवावे आणि दारापाशी थांबून आणखी एक गोष्टही सांगावी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. ज्यांना या दारातून आत जाऊ दिले जात नव्हते, त्यांचा तो पुढारी त्या काळातील सर्वांत व्यासंगी वाचकांपैकी एक होता. त्या वाचनामागेही घरातलेच एक वडीलधारे माणूस होते. वडील रामजी सकपाळ यांची मिळकत बेताची. तरीही मुलाला पुस्तक हवे असले की ते लेकीकडे जात, तिच्याकडे पैसे नसले तर तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. आठ वर्षांच्या मुलाला एवढे समजते. किंबहुना ते त्याच्या मनात घर करून राहते.

मंदिरापासून जवळच सीतागुंफा आणि ज्यांच्यामुळे या स्थानाला पंचवटी हे नाव पडले ते पाच वड आहेत. "पाचही वड मोजून दाखव" म्हटले की मूल पळत सुटते. गुंफेचा मार्ग मात्र अतिशय अरुंद आहे. वाकून, प्रसंगी बसून सरकावे लागते. दमा, हृदयविकार, कंबरदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी आत जाऊ नये, हे मी वैद्य म्हणून आग्रहाने सांगतो.

इथेच अण्णांच्या नातवाने त्यांना विचारले होते, "आजोबा, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले तेव्हा तिला किती दुखले असेल?" नाशिक हे नाव त्या नाकावरून पडले, ही कथा अण्णांनीच त्याला सांगितली होती. प्रश्न ऐकून ते गडबडले. दवाखान्यात येऊन मला म्हणाले, "याला काय उत्तर द्यायचे?" मी म्हटले, "उत्तर देऊच नका. म्हणा, चल, पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहू."

त्या संध्याकाळी आजोबा आणि नातू मुलांसाठीचे रामायण उघडून प्रथमच एका पुस्तकावर वाकून बसले.

संध्याकाळचे पुस्तक

पुढे त्यांचा नेमच झाला. दिवेलागणीनंतर अर्धा तास. एक पान आजोबा वाचणार, एक नातू. कोणी चुकले तर दुसऱ्याने हसायचे नाही, रागवायचे नाही. कंटाळा आला तर पुस्तक बदलायचे. बोध विचारायचा नाही, हा नियम माझा.

रामायणानंतर त्यांनी 'श्यामची आई' घेतले. हे पुस्तक निवडण्याचे कारण आमच्या नाशिककरांना अभिमान वाटावा असे आहे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या काही दिवसांत ते लिहून काढले. त्याची रचना आठवा. त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत. दिवसभराची कामे आटोपल्यावर मंडळी एकत्र बसतात आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. एक रात्र, एक आठवण. म्हणजे पुस्तकाची घडणच शेजारी बसून ऐकण्याची. एका संध्याकाळी एक रात्र, असे ते आजही वाचता येते.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पंचवटीत घरोघरी पोथी वाचली जायची. आजी वाचायची आणि नातवंडे पेंगत का होईना, ऐकायची. आज वैद्यकशास्त्रही तेच सांगते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये आपल्या सदस्यांना सूचना दिली की, पालकांनी बाळाला तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवावे, हे तपासणीच्या वेळीच त्यांना सांगावे. बोस्टनच्या एका रुग्णालयात तर १९८९पासून डॉक्टर लहान मुलांना औषधाच्या चिठ्ठीबरोबर पुस्तकही देऊ लागले. मांडीवर बसून गोष्ट ऐकताना मुलाच्या कानावर जे शब्द पडतात, ते रोजच्या बोलण्यात क्वचितच येतात. शिवाय पुस्तक म्हणजे मायेची ऊब, अशी सांगड त्याच्या मनात पक्की बसते. दुसरीकडे, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये आणि त्याहून लहान बाळांना पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितले आहे. नुसता मोबाईल काढून घेतला तर हात रिकामा राहतो आणि रिकामा हात पुन्हा मोबाईल शोधतो. त्या वेळी कोणीतरी शेजारी बसलेले असावे लागते.

नातवाने ओळखलेला आजार

नेम सुरू होऊन चार-पाच महिने झाले असतील. एका सायंकाळी अण्णा मधुमेहाच्या तपासणीसाठी आले. सोबत नातू. रक्तदाब पाहून झाला, गोळ्या लिहून झाल्या. तेवढ्यात नातू म्हणाला, "डॉक्टरकाका, आजोबा ओळीचा पहिला शब्द खातात."

अण्णा हसले. "अहो, चष्म्याचा नंबर बदललाय. नवा करायचा आहे."

"चष्मा नाही," नातू ठामपणे म्हणाला. "आधी नव्हते खात. परवापासून खातात. डावीकडचाच खातात."

मी टेबलावरचे वर्तमानपत्र अण्णांच्या हाती दिले. मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. प्रत्येक ओळ ते एक-दोन शब्द सोडून सुरू करीत आणि अर्थ लागेना म्हणून अडखळत. मी समोर बसून त्यांच्या दोन्ही बाजूंना बोटे हलवून पाहिली. डाव्या बाजूचे बोट त्यांना उजव्या डोळ्यानेही दिसत नव्हते आणि डाव्या डोळ्यानेही. दोष डोळ्यांत नव्हता. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र असते, तेथील रक्तपुरवठ्यात अडथळा आला असावा, अशी शंका मला आली. त्याच रात्री स्कॅन झाला आणि शंका खरी ठरली. मेंदूला लहानसा झटका येऊन गेला होता. ना हात लुळा पडला, ना तोंड वाकडे झाले, ना डोके दुखले. एकत्र वाचायला बसण्याचा नेम नसता, तर हे कोणाच्या लक्षात आले असते? बहुधा दुसऱ्या, मोठ्या झटक्यानंतरच.

अण्णांवर उपचार झाले, औषधे बदलली, रक्तदाब काबूत आला. डावीकडची गेलेली दृष्टी थोडीफार सुधारली, पूर्ण मात्र परतली नाही. "आता वाचन संपले," असे ते एकदा मला म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता. अशा रुग्णांसाठी एक साधी युक्ती आहे. पानाच्या डाव्या कडेला ठळक रंगाची पट्टी ठेवायची आणि ती लाल पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची. ती दिसली की ओळ तेथून सुरू करायची. मी हे सांगितले मात्र, दुसऱ्याच दिवशी नातवाने लाल घोटीव कागदाची पट्टी कापून पुस्तकात घातली. अण्णा अडले की तो म्हणे, "आजोबा, लाल!"

वाचकहो, यातून प्रत्येक घराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अचानक एका बाजूचे दिसेनासे होणे, तोंड वाकडे होणे, हातात बळ न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

एकत्र वाचताना

घरातील ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात.

प्रकाश पुस्तकावर पडावा, डोळ्यांवर नव्हे. दिवा खांद्याच्या मागून यावा. चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागणे स्वाभाविक आहे, त्यात संकोच नको. अक्षरे धूसर दिसणे, दिव्याभोवती वलये दिसणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच.

ऐकू कमी येत असेल तर मुलाला शेजारी न बसवता समोर बसवावे, म्हणजे त्याचे ओठ दिसतात. मोठ्याने वाचताना वाक्य पुरे होण्याआधीच धाप लागत असेल, किंवा घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर त्याला "हे कोण? सांग पाहू" असे प्रश्न विचारू नयेत. नातवंडाने त्याच्या ओळखीचे काही, एखादे स्तोत्र, लहानपणीची गोष्ट, हळूहळू वाचून दाखवावे. अर्थ हरवला तरी परिचित शब्दांची लय पुष्कळदा मन शांत करते.

मुलांनी पुस्तक डोळ्यांपासून फूटभर तरी दूर धरावे आणि रोज मोकळ्यावर खेळावेच. उन्हापावसात खेळणाऱ्या मुलांना लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. वाचनासाठी खेळ बंद करणे हा मुलावर आणि पुस्तकावरही अन्याय आहे.

आणि पुस्तक मुलाला निवडू द्यावे. ते भुताचे असो, क्रिकेटचे असो, की चित्रांचे. चौथ्यांदा तेच पुस्तक हवे असेल तर चौथ्यांदा तेच.

पुस्तके कोठून आणावीत

पेन्शनीत पुस्तके परवडत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण नदी ओलांडून जुन्या नाशकात गेले की १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. नाशिककर त्याला आपुलकीने 'सावाना' म्हणतात. नातवाला स्वतःच्या नावाचे सभासदत्व काढून द्यावे; आपल्या नावाचे कार्ड हाती आलेले मूल वेगळ्याच ऐटीत चालते. कुसुमाग्रजांच्या नावाने उभ्या राहिलेल्या येथील प्रतिष्ठानाने 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम चालविला. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, वाचून झाली की दुसरी येते. नाशकातून निघालेल्या या पेट्या दुबईतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या. आपल्या सोसायटीतील चार ज्येष्ठांनी मिळून आपापल्या कपाटांतील पुस्तकांची अशी एक पेटी सुरू करण्यास काय हरकत आहे? 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते आहे. आपल्या मुलांनी वाचलेले जुने अंक माळ्यावर असतील, तर ते खाली काढावेत. नातवंडांना आईबाबांच्या लहानपणीचे काहीही भारी आवडते.

पुन्हा घाटावर

मागच्या आठवड्यात औषधे द्यायला अण्णांच्या घरी गेलो होतो. नातू आता उंच झाला आहे. तो खिडकीत बसून स्वतःचे काहीतरी वाचत होता, मनातल्या मनात. शेजारी खुर्चीत अण्णा, मांडीवर पुस्तक, पानाच्या कडेला लाल पट्टी. मी आल्याचे दोघांच्याही लक्षात आले नाही.

एकाएकी नातू खदखदून हसला. अण्णांनी नजर वर केली, आपल्या पुस्तकात बोट घालून ते मिटले आणि म्हणाले, "काय झाले रे? मलाही वाचून दाखव."